काळदुर्ग ते मॉरिशस: एकाच भट्टीचा दगड

लोकलमध्ये रेंज जाते आणि एपिसोड अर्ध्यात अडकतो, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना जे घाईत निसटलं, ते इथे जरा सावकाश घेतलंय.

विषय आहे मॉरिशस. नाव ऐकलं की आपल्यापैकी निम्म्यांना हनिमूनचं पॅकेज आठवतं आणि उरलेल्यांना निळं पाणी. दोन्ही खरं. पण सातपाटीत बसून मॉरिशसबद्दल बोलायचं कारण वेगळं आहे, आणि ते सुरू होतं दगडापासून.

पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबा खिंड लागते. तिथून वर काळदुर्ग दिसतो. माथ्यावर चौकोनी काळा कातळ. हा दगड म्हणजे बेसॉल्ट, थंड झालेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा बाहेर पडला, थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. सह्याद्री, महालक्ष्मीचा सुळका, अशेरीगड, सगळे त्यातलेच. इथपर्यंत शाळेत शिकलोय आपण.

शाळेत जे सांगत नाहीत ते असं. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते हा लाव्हा ज्या भट्टीतून आला, ती भट्टी अजून पेटलेली आहे. फक्त ती आता आपल्या खाली नाही. कल्पना करा, खाली शेगडी एका जागी आहे आणि वरून पत्रा हळूहळू सरकतोय. जिथे शेगडी, तिथे पत्र्याला भोक. पत्रा पुढे गेला की जुनं भोक थंड, मागे नवीन भोक. आपला भूभाग उत्तरेकडे सरकत गेला आणि समुद्राच्या तळावर त्या भट्टीचे डाग उमटत गेले. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ज्या बुडालेल्या डोंगररांगेवर बसलेत, ती रांग म्हणजे हेच डाग. त्याच माळेत शेवटी शेवटी, सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस पाण्याबाहेर आलं. आज ती भट्टी मॉरिशसच्या शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वरचेवर लाव्हा ओकतो.

म्हणजे काळदुर्गाचा दगड आणि मॉरिशसच्या उसाच्या शेतांतून वेचून ढिगाऱ्याने रचून ठेवलेला काळा दगड एकाच चुलीवरचा. मधे साडेचार हजार किलोमीटरहून जास्त समुद्र आणि साधारण पावणेसहा कोटी वर्षं, एवढाच काय तो फरक.

(एक जोड. २०१७ मध्ये मॉरिशसच्या खडकात झिरकॉनचे बारीक कण सापडले, ते सुमारे ३०० कोटी वर्षं जुने निघाले. ८०-९० लाख वर्षांच्या बेटावर एवढा म्हातारा कण कसा? संशोधकांचं म्हणणं, खाली एका जुन्या भूखंडाचा तुकडा गाडला गेलाय. भारत आणि मादागास्कर एकमेकांना चिकटलेले होते तेव्हा मधे असलेला. त्याला मॉरिशिया असं नाव दिलंय.)

आता आकार. मुख्य बेट मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढं होतं, त्याच्या साधारण तिप्पट. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. छोटंच म्हणायचं. पण या देशाच्या हक्काचा समुद्र मोजला तर तो सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर भरतो, म्हणजे जवळपास भारताच्या वाट्याला येतो तेवढा. कोळ्याच्या हिशेबाने बघितलं तर हा मोठा देश आहे.

बेट समुद्रातून वर आलं तेव्हा नुसता कातळ होता. तिथे जे काही आलं ते उडत, तरंगत नाहीतर वाऱ्यावर. उंदीर, मांजर, माकड, डुक्कर, यातलं काही एवढा समुद्र पार करू शकलं नाही. सस्तन प्राणी म्हणाल तर जमिनीवर फक्त वटवाघळं. मोठी कासवं आली, पक्षी आले. त्यात एक कबुतरही होतं. खाणारं कोणी नाही, पळायची गरज नाही, मग उडायला ताकद कशाला घालवा? हजारो पिढ्यांत ते कबुतर जाडं झालं, पंख आखडले. तोच डोडो. डीएनए तपासल्यावर कळलं की आज जिवंत असलेला त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे निकोबारी कबुतर. आपल्याच अंदमान-निकोबारातलं.

डोडोला मूर्ख म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ज्याने कधी शत्रूच पाहिला नाही, तो माणूस बघून पळेल कशाला?

अरबांना आणि पोर्तुगीजांना बेट माहीत होतं, पण तिथे कोणी वस्ती केली नाही. १५९८ मध्ये डच जहाजं आली आणि आपल्या राजपुत्राच्या, मॉरिसच्या, नावावरून बेटाचं नाव ठेवून गेली. १६३८ मध्ये त्यांनी वसाहत केली. डोडो पाहिल्याची शेवटची भरवशाची नोंद १६६२ ची. म्हणजे ओळख झाल्यापासून ६४ वर्षं. खलाशांनी डोडो खाल्ले हे खरं, पण त्याला संपवलं ते मुख्यतः जहाजातून उतरलेल्या पाहुण्यांनी. उंदीर, डुकरं, माकडं. डोडोचं घरटं जमिनीवर. अंडं आयतंच समोर.

या गोष्टीत आपला किनाराही येतो बरं का. जहांगीर बादशहाच्या काळात, १६२५ च्या सुमाराला, काढलेलं डोडोचं एक रंगीत चित्र आहे. ते उस्ताद मन्सूर या चित्रकाराचं मानतात आणि ते रशियात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. डोडो नेमका कसा दिसायचा, याचा अंदाज बांधताना अभ्यासक या चित्राला फार मान देतात, कारण युरोपातल्या बऱ्याच चित्रांसारखं ते ऐकीव नाही, समोर पक्षी ठेवून काढल्यासारखं वाटतं. आणि पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने आपण सुरतेला दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय. सुरत! आपल्या उत्तरेला, दमणच्या पलीकडे. जगातून नाहीसा झालेला सगळ्यात प्रसिद्ध पक्षी इथून रेल्वेने काही तासांवर पिंजऱ्यात बसला होता.

डचांनी आणखी दोन गोष्टी केल्या. जंगलातलं काळंभोर एबनीचं लाकूड तोडून नेलं, आणि १६३९ मध्ये जावाहून ऊस आणून लावला. ते १७१० मध्ये बेट सोडून गेले. ऊस राहिला.

मग फ्रेंच आले, १७१५ मध्ये. पोर्ट लुई बंदर बांधलं, आणि मादागास्कर, मोझांबिकहून माणसं पकडून गुलाम म्हणून आणली. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं आणि ऊस पसरतच गेला. जुन्या रानाचा चांगल्या स्थितीतला भाग आज २ टक्क्यांहूनही कमी उरलाय. बाकी सगळीकडे ऊस, गावं, रस्ते.

त्या रस्त्यांत आपली माणसं आहेत. १८१५ पासून इंग्रजांनी बंगाल आणि मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदी मॉरिशसला पाठवायला सुरुवात केली, रस्ते आणि पूल बांधायला. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन आपल्या जगप्रवासात तिथे थांबला, तेव्हा त्याने हे हिंदुस्थानी कैदी पाहिले आणि त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांचं त्याला नवल वाटलं.

१८३५ मध्ये मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. साठ हजारांहून जास्त लोक मोकळे झाले, आणि त्यातल्या बहुतेकांना पुन्हा उसाच्या फडाचं तोंड बघायचं नव्हतं. मळेवाल्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ ला, म्हणजे कायदा लागू होण्याच्या आधीच, कलकत्त्याहून ‘ॲटलास’ नावाचं जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं होतं. तो प्रयोग जमला. पुढच्या सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदुस्थानी माणसं त्या धक्क्यावर उतरली. २ नोव्हेंबरला आजही तिथे सुट्टी असते.

हे ‘गिरमिट’. ॲग्रीमेंट शब्दाचं आपल्या लोकांनी केलेलं रूप. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. करारावर अंगठा. वाचता कोणाला येत होतं? आणि एक नियम असा, की एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी पडलात तरी. महिनाभर तापाने फणफणलेला माणूस बरा होऊन उठायचा तो मालकाचा देणेकरी होऊनच. ज्यांना ‘करारच होता ना, गुलामी थोडीच’ असं वाटतं, त्यांनी हा एक नियम लक्षात ठेवावा.

जहाजं सुटायची तीन बंदरांतून. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई. मुंबईचा वाटा सगळ्यात लहान. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागातली मराठी माणसं बरीच होती. बोट मुंबईची म्हणून तिथल्या क्रिओल बोलीत मराठी माणसाला नावच पडलं, ‘बोम्बाय’. भोजपुरीवाले, तमिळवाले, तेलुगूवाले आणि बोम्बाय. कोकणातला एखादा कुणबी, ज्याने मुंबई फक्त धक्क्यावरून पाहिली, तो जन्मभरासाठी मुंबईकर झाला. गंमत आहे, आणि जरा वाईटही वाटतं.

धक्क्यावर उतरल्यावर दगडी पायऱ्या चढायच्या, मग नोंद. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, उंची, अंगावरच्या खुणा. १८६० च्या दशकापासून फोटोसुद्धा. पुढे १८६७ च्या कायद्याने जुन्या गिरमिटियांना हा फोटो लावलेला परवाना खिशात बाळगावा लागायचा. नसला तर पोलीस उचलायचे. आज आपण आधारकार्ड विसरलो तर फार तर परत घरी जातो.

ती रजिस्टरं मात्र टिकली, आणि आता उलट कामाला येतात. मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ती जपून ठेवलेली आहेत. पणजोबांचा नंबर माहीत असेल तर फोटो मिळू शकतो, गावाचं नाव मिळू शकतं. पण गाव शोधताना घोळ होतो, कारण लिहून घेणाऱ्याला मराठी येत नव्हतं. त्याने कानाला जसं लागलं तसं टिपलं. आडनावांचंही तेच. एकेरी नाव लिहिलं गेलं आणि पुढच्या पिढीचं तेच आडनाव झालं. म्हणजे पणजोबा नुसते ‘रामजी’, तर आज अख्खं घर रामजी. मूळ आडनाव काय होतं, ते पायऱ्यांखालीच राहिलं. त्या धक्क्याला आता आप्रवासी घाट म्हणतात. २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

माणसांबरोबर रोगही आले. आधी या बेटावर मलेरिया नव्हता. १८६६ ते १८६८ या काळात साथ पसरली आणि हजारो माणसं मेली. डोडोच्या अंड्याला जसा उंदीर नवा, तसा या बेटाला हा डास नवा. एकट्या बेटाचं असंच असतं. बाहेरून आलेल्या गोष्टीला अडवायला आत कोणी तयार नसतं.

आता राहता राहिलं काय? मॉरिशसमध्ये मराठी मूळ सांगणारे साधारण वीस हजार लोक आहेत. घरात बहुतेक जण क्रिओल बोलतात, कागदावर इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंच. मराठी शाळेत विषय म्हणून शिकवतात. बोली गेली, हे सरळ मान्य करावं लागतं. पण कोकणातली जाखडी टिकली. तिथे तिला ‘झाकरी’ म्हणतात. गोल धरून, ढोलकीवर, पायांचा तोच ठेका. गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, फक्त मराठी लोकांना नाही, अख्ख्या देशाला. २०२३ मध्ये मोका इथे शिवाजी महाराजांचा पुतळाही बसला. आपल्याकडच्या बातम्यांत पुतळा बराच दिसला, झाकरी अजिबात नाही. मला विचाराल तर दीडशे वर्षं सरकारी मदतीशिवाय पायांत टिकून राहिलेला ठेका ही जास्त मोठी बातमी.

१२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. तारीख मुद्दाम निवडलेली, दांडी यात्रा सुरू झाली तो दिवस.

आता आजच्या गोष्टीकडे येतो. ती ऐकताना सातपाटी, मुरबे, वडराई डोळ्यासमोर ठेवा.

मॉरिशसभोवती प्रवाळाची भिंत आहे. तिच्या आत उथळ निळं पाणी, आणि त्या पाण्यावर छोट्या होड्यांचे मच्छिमार जगतात. २५ जुलै २०२० च्या रात्री ‘वाकाशियो’ नावाचं सुमारे ३०० मीटर लांबीचं जपानी मालकीचं जहाज आग्नेयेकडच्या या प्रवाळावर चढलं. त्यावर माल नव्हता, पण स्वतःला लागणारं जवळपास ४ हजार टन इंधन होतं. जहाज एवढं जवळ कशाला आलं? तपासात निघालं की किनाऱ्याजवळ मोबाईलचं सिग्नल मिळावं म्हणून मार्ग बदलला होता. बरेच दिवस घरी बोलणं झालं नसेल, वाढदिवस असेल. माणूस म्हणून समजतं. रेंजसाठी गच्चीवर चढणारे आपणच.

६ ऑगस्टला टाकी फुटली. सुमारे १ हजार टन तेल पाण्यात गेलं. ७ तारखेला पर्यावरणीय आणीबाणी जाहीर झाली. लोकांनी वाट बघितली नाही. उसाचा पाला कापडाच्या लांबलचक नळ्यांत भरला, रिकाम्या बाटल्या बांधल्या, आणि तेल अडवायला समुद्रात सोडलं. बायकापुरुषांनी केस कापून दिले, कारण केस तेल धरून ठेवतात. ज्या उसासाठी बेटाचं रान गेलं, त्याच उसाच्या पाल्याने त्या आठवड्यात खाजण वाचवायला मदत केली. तरी त्या भागातली मासेमारी कित्येक महिने बंद राहिली.

आपल्याला हे परकं नाही. बरोबर दहा वर्षं आधी, ७ ऑगस्ट २०१० ला, मुंबईच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजा’ ही जहाजं आदळली होती आणि शेकडो टन तेल सांडलं होतं. लोकांनी मासे खाणंच बंद केलं होतं, बाजार बसला. मे २०२१ च्या तौक्ते वादळात ‘गाल कन्स्ट्रक्टर’ ही बार्ज वाहत येऊन वडराईजवळ खडकांवर अडकली. १३७ माणसं सुखरूप निघाली, हे नशीब. पण तिच्यात डिझेल होतं, आणि किनाऱ्यावरच्या लोकांचे पुढचे दिवस त्याच चिंतेत गेले.

३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी पालघरला झाली. सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प. मच्छिमारांचा विरोध त्याच्याही कितीतरी आधीपासूनचा. बंदर हवं की नको, यावर घराघरात वाद आहेत आणि ते एका एपिसोडमध्ये मिटणार नाहीत. पण एक प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायला हवा. एवढी मोठी जहाजं आपल्या जाळ्यांसमोरून रोज जाणार असतील, तर तेल सांडल्यावर पहिल्या दोन तासांत नेमकं कोण काय करणार? अडवायचे बूम कुठल्या गोदामात ठेवलेत, चावी कोणाकडे, बोट कोणाची? मॉरिशसकडे जहाज अडकल्यापासून तेल सुटेपर्यंत बारा दिवस होते. तरी शेवटी पाला भरायची वेळ आली.

अजून एक गोष्ट, ही जरा उमेदीची. १९७४ मध्ये मॉरिशसचा छोटा ससाणा रानात फक्त चार उरला होता. अंडी उबवून, पिल्लं वाढवून, परत सोडून ती संख्या शेकड्यांत नेली. डोडोच्या बेटावर हे झालं म्हणून जग त्याचं कौतुक करतं. मला त्याहून जवळचं वाटतं ते रॉड्रिग्ज. हे मॉरिशसचंच, ५५०-६०० किलोमीटर पूर्वेला असलेलं छोटं बेट. तिथे ओहोटीला उथळ पाण्यात चालत जाऊन भाल्याने ऑक्टोपस मारतात. हे काम बऱ्याच बायकाही करतात. ऑक्टोपस लहान लहान मिळायला लागले. मग २०१२ मध्ये तिथे दोन महिने ऑक्टोपस मारणं पूर्ण बंद ठेवलं. त्या दोन महिन्यांत हातावर पोट असलेल्यांना किनारा साफ करण्यासारखी दुसरी कामं दिली, पैसे दिले. ऑक्टोपस झपाट्याने वाढतो. बंदी उठली तेव्हा मोठ्या वजनाचे मिळाले. मग दरवर्षीच बंद ठेवायला लागले.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी असते. नारळी पौर्णिमेपर्यंत ती वाढवा, ही पारंपरिक मच्छिमारांची जुनी मागणी. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला, सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण तळहाताएवढी पापलेटं बाजारात येतात तेव्हा ती विकत घेणारेही आपणच. पापलेट ऑक्टोपससारखा दोन महिन्यांत वाढत नाही, त्यामुळे रॉड्रिग्जचा हिशेब इथे जसाच्या तसा बसणार नाही. जे बसू शकतं ते म्हणजे बंदीच्या दिवसांत हाताला काम आणि कामाला पैसे. तिथे लोकांनी बंदी पाळली, त्याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

पुढच्या भागात त्याच भट्टीच्या माळेतलं चागोस घेऊ. तिथून १९६८ ते १९७३ मध्ये सगळ्या रहिवाशांना लष्करी तळासाठी उचलून बाहेर काढलं होतं. आणि तुमच्या घरात, नात्यात कोणी ‘मॉरिशसला गेले ते परत आलेच नाहीत’ अशी गोष्ट सांगणारं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. गावाचं नाव मात्र नीट, अक्षरं सोडवून सांगा.